शेतमजुरांच्या प्रकृतीवर मजुरीच्या कायद्यांचा परिणाम होतो का?

प्रश्न
शेतमजुरांच्या आरोग्याची चर्चा बहुतेक वेळा हातमोजे, मुखपट्टी आणि प्रथमोपचार पेटी यांपाशीच संपते, असे मला वाचताना जाणवले. कामाचे तास आणि मजुरीची पद्धत यांविषयीच्या कायद्यांचाही प्रकृतीवर परिणाम होतो का? जाणकारांनी उदाहरणासह सांगावे.

प्रतिसाद १
होतो, आणि तो सर्वांत आधी उन्हात दिसतो. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उघड्यावर काम करणाऱ्यांना पाणी, सावली व विश्रांती देणे मालकांवर बंधनकारक केले. मात्र ज्याला भरलेल्या पेटीमागे पैसे मिळतात, त्या उक्त्या कामावरील मजुराच्या दृष्टीने सावलीतील दहा मिनिटे म्हणजे बुडालेली मजुरी असते. त्यामुळे पाण्याचा पिंप बांधावर असूनही तो तेथवर जात नाही. म्हणूनच २०१६ पासून तेथे उक्त्या कामातही विश्रांतीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. माझ्या मते आरोग्याच्या दृष्टीने हा मजुरीचा नियम सावलीच्या नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये आढळणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकारामागेही उन्हातील कष्ट आणि शरीरातील पाणी कमी होणे ही प्रमुख कारणे मानली जातात, आणि तेथेही तोडणीची मजुरी प्रामुख्याने वजनावर ठरते.

प्रतिसाद २
अवजाराचे एक उदाहरण जोडतो. कॅलिफोर्नियातील भाजीच्या मळ्यांत आखूड दांड्याची खुरपी वापरावी लागत असे आणि मजूर दिवसभर कमरेत वाकलेले राहत. कोणी पाठ सरळ केली की त्याने काम थांबवल्याचे मुकादमाला लांबूनच कळे. पाठीच्या कण्याची कायमची हानी होत असल्याचे डॉक्टरांनी सांगूनही ती खुरपी हटली नाही. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मात्र तिच्यावर बंदी आली. लांब दांड्याची खुरपी तर आधीपासूनच होती!

प्रतिसाद ३
वरील उदाहरणे बहुतांशी एकाच राज्यातील आहेत, हे लक्षात घ्यावे. अमेरिकेच्या १९३८ च्या वेतन कायद्यातून शेतमजूर वगळले गेले होते, आणि जादा कामाच्या वाढीव मजुरीची संघराज्यीय तरतूद त्यांना आजही लागू नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शेतीतील कामगार तपासणीविषयी १९६९ मध्ये आणि शेतीतील सुरक्षा व आरोग्याविषयी २००१ मध्ये करार संमत केले. पण ते ज्या देशांनी मान्य केले त्यांच्यावरच बंधनकारक आहेत.

मला सर्वांत उपयुक्त वाटतो तो वॉशिंग्टन राज्याचा २००४ पासूनचा नियम. विशिष्ट विषारी कीटकनाशके वारंवार हाताळणाऱ्या मजुराच्या रक्तातील कोलिनएस्टरेज हे विकर (मज्जातंतूंच्या कामाला लागणारे आणि अशा कीटकनाशकांमुळे घटणारे प्रथिन) हंगामापूर्वी मोजून ठेवतात, पुढे पुन्हा तपासतात, आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे घटल्यास त्याला त्या कामावरून दूर करतात. या काळात त्याची मजुरी मर्यादित मुदतीपर्यंत चालू राहते, आणि मला वाटते, ती चालू राहते म्हणूनच मजूर रक्त देण्यास तयार होतो.