फ्लेअरच नाही त्या जेटवर नाईन-एल सोडणं हा कसला बॅलन्स?

मुंब्रा_इंटरसेप्टर
वॉर थंडर या लढाऊ विमानांच्या ऑनलाइन गेमबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "मिसाईल खाऊन रडणाऱ्यांना मुळात उडवताच येत नाही." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ए-१० या जेटकडे नाईन-एल, म्हणजे एआयएम-९एल हे उष्णता शोधणारं मिसाईल आहे, ते समोरूनही लॉक घेतं. वर ४८० काउंटरमेजर, म्हणजे मिसाईल चकवायचे फ्लेअर (जळते, गरम तुकडे) आणि चॅफ (रडार फसवणाऱ्या पट्ट्या). त्याच लॉबीत येतं मिग-१९, नाहीतर सुरुवातीचं एफ-१०४, फ्लेअर शून्य. बीआरमध्ये (बॅटल रेटिंग, विमानाची ताकद सांगणारा गेममधला आकडा) एकाचा फरक चालतो, म्हणून हे होतं. आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी ज्वाळा) बंद करून वळलात तरी सीकरला, म्हणजे मिसाईलच्या डोळ्याला, दाखवायला दुसरं गरम काही नाहीच. ऑल-ॲस्पेक्ट, म्हणजे कुठल्याही बाजूने लॉक घेणारं मिसाईल जिथून सुरू होतं, तिथे फ्लेअर नसलेलं विमान येताच कामा नये. नाईन-एलवाल्यांचा बीआर वर ताणा, एवढीच मागणी आहे.

वाशी_सेक्टर१७
ए-१० जेमतेम ताशी ७०० किलोमीटरने उडतं. एफ-१०४ ने त्याच्या समोरासमोर जायचंच कशाला? नाईन-एलची मोटर पाचेक सेकंद जळते, पुढे ते फक्त वेग गमावतं. अंतर ठेवा, त्याच्या मागून या, एकदा मारून निघून जा. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात हेच मिसाईल होतं, तरी ब्रिटिश सी हॅरियर जेटचे बहुतेक शॉट मागूनच होते.

मुंब्रा_इंटरसेप्टर
फॉकलंडमध्ये बीआर नव्हता हो. सोळा जणांच्या गर्दीत अंतर ठेवायला जागा कुठे उरते? इतिहासच हवा असेल तर २८ मे १९९९ घ्या. कारगिलमध्ये पडलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरवर फ्लेअर डिस्पेन्सर नव्हता. त्या वैमानिकांनाही उडवता येत नव्हतं म्हणणार?

घोडबंदर_नॉच
शहिदांना गेमच्या भांडणात ओढू नका. मुद्द्यावर या. फ्लेअर असूनही मरणारे ढीगभर आहेत. सेटिंगमध्ये पिरियॉडिक रिलीज (ठरावीक अंतराने आपोआप सोडणं) लावा, एका दाबाला दोन-तीन, मध्ये अर्धा सेकंद. मोड फक्त फ्लेअरवर ठेवा, नाहीतर निम्मे दाब चॅफवर वाया जातात. आधी बर्नर बंद, मग फ्लेअर, मग वळण. बर्नर चालू ठेवून पन्नास टाकलेत तरी इंजिनच जास्त गरम दिसतं. आर-७३ या रशियन मिसाईलची नजर अरुंद होते, दोन किलोमीटरच्या आतून सुटलं तर फ्लेअर त्या नजरेत टिकतच नाही. लांबून सुटलं असेल तर लगेच टाका. नाईन-एमचं, म्हणजे नाईन-एलच्या पुढच्या प्रकाराचं, उलट. फ्लेअर दिसला की ते सीकर थांबवून अंदाजाने पुढे जातं, म्हणून तेवढ्या वेळात जोरात दिशा बदला.

ऐरोली_फायबर
हे सगळं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, नीट असेल तर. ऐरोली-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटरं, आणि गेमचा एक सर्व्हर इथे नाही! युरोपला दीडशे मिलिसेकंद जातात. माक २ च्या (आवाजाच्या दुप्पट वेगाच्या) मिसाईलला तेवढ्यात शंभर मीटर मिळतात.

घोडबंदर_नॉच
पिंगपेक्षा पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, मारतो. आमच्या रस्त्यावर मेट्रोच्या खोदकामात फायबर तुटते, ती घाईत जोडतात आणि तो सांधा पुढे त्रास देतो.

ऐरोली_फायबर
आणि वाय-फायवर खेळत असाल तर तेही थांबवा. टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या तीस राउटरांचा गोंगाट असतो. कॅट-६ नेटवर्क केबल टाका, राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग आवरणारी सेटिंग) लावून स्पीड लाइनच्या नव्वद टक्क्यांवर बांधा. गच्चीवरचा केबलवाल्याचा स्विच पावसात ओला होतो, त्याला प्लास्टिकचा डबा लावून घ्या. जॅकच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर नवीन आरजे-४५ (केबलच्या टोकाचा जॅक) क्रिंप करा. पाथपिंग ही विंडोजमधली तपासणीची कमांड चालवा. पहिल्याच हॉपला (वाटेतल्या टप्प्याला) लॉस दिसला तर दोष घरातला, पुढे कुठे सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला तर कंपनीचा.

वाशी_सेक्टर१७
धागा मिसाईलचा आहे की केबल जोडणीचा?

ऐरोली_फायबर
फ्लेअरचं बटण दाबल्यावर तो सर्व्हरवर उशिरा सुटतो, हा मिसाईलचाच प्रश्न आहे साहेब! तुमच्याकडे लाइन चांगली आहे म्हणून तुम्हाला सगळं कौशल्य वाटतं.

मुंब्रा_इंटरसेप्टर
आणि ज्याच्याकडे फ्लेअरच नाही, त्याने लाइन सुधारून काय टाकायचं?

वाशी_सेक्टर१७
ठीक आहे. मिग-१९ पुरतं मान्य, ते ए-१० समोर येऊ नये. पण एफ-१०४ चा बीआर खाली आणायला माझा कायम विरोध राहील. एवढ्या वेगाचं विमान खाली आणलंत तर सेबर आणि हंटर या जुन्या, हळू जेटवाल्यांनी पळायचं कुठे?

मुंब्रा_इंटरसेप्टर
खाली आणा म्हटलंच नाही. नाईन-एलवाले वर न्या म्हटलंय. पहिली पोस्ट पुन्हा वाचा.