मदत हवी आहे: एजंट चुकीचं टूल उचलतो, रकमाही चुकवतो. टूलचं वर्णन कसं लिहू?

रानवारा:
ग्राहकसेवेच्या एआय एजंटला (भाषा मॉडेलवर चालणारा) ३ टूल्स, म्हणजे त्याला बोलावता येणारी फंक्शन्स, दिली आहेत: गेट_ऑर्डर, सर्च_ऑर्डर्स आणि रिफंड. टेस्ट सर्व्हरवर सारख्या त्याच चुका दिसतात. ग्राहकाने मोबाइल नंबर दिला की तोच ऑर्डर आयडी समजून गेट_ऑर्डरला जातो. ५०० रुपयांच्या रिफंडला ५ रुपये जातात. टाइमआउट आला (वेळेत उत्तर आलं नाही) की रिफंड दुसऱ्यांदा मारला जातो. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या कायमच्या सूचना) 'रक्कम नीट तपास' असं टाकून काही फरक पडला नाही. सध्याचं वर्णन एवढंच आहे:

'रिफंड: ऑर्डरचा रिफंड करते. आयडी (स्ट्रिंग), अमाउंट (नंबर).'

युनिट टेस्ट सगळ्या पास आहेत. वर्णनात नेमकं काय बदलू?

सुतारपक्षी:
मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि स्कीमा (पॅरामीटरचे प्रकार आणि नियम) यावरूनच ते ठरवतं. तुमचं टूल बहुधा पेमेंट गेटवेसारखं पैशांत रक्कम घेतं आणि ग्राहक रुपयांत बोलतो, म्हणून ५०० चे ५ रुपये झाले. किमान पॅरामीटरचं नाव अमाउंट_पैसे ठेवा, प्रकार इंटिजर (पूर्णांक), मिनिमम १. त्याहून चांगलं म्हणजे टूलनेच रुपये घ्यावेत आणि १०० ने गुणणं कोडमध्ये करावं. जो हिशेब कोड बिनचूक करतो तो मॉडेलच्या गळ्यात कशाला घालायचा? मात्र रुपये '१९.९९' असे स्ट्रिंगमध्ये (मजकूर म्हणून) घ्या आणि डेसिमल (अचूक दशांश) प्रकाराने गुणा. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) १९.९९ गुणिले १०० केलं की १९९८.९९९... येतं, आणि पुढे इंटिजरमध्ये कापलं की एक पैसा गेला.

नुसतं 'आयडी' हे नाव कुठल्याही नंबरला चालून जातं. ऑर्डर_आयडी करा आणि स्कीमात पॅटर्न (आयडीचा नमुना) द्या. मॉडेल पॅटर्न पाळेलच असं नाही, त्यामुळे सर्व्हरवरही तपासा.

वर्णन मी असं लिहीन:

'रिफंड_ऑर्डर: पैसे भरलेल्या एका ऑर्डरची पूर्ण किंवा काही रक्कम मूळ पेमेंट पद्धतीने परत पाठवते. एकदा पाठवल्यावर मागे घेता येत नाही. आधी गेट_ऑर्डरमधून शिल्लक परतावायोग्य रक्कम पाहा, त्याहून जास्त रक्कम नाकारली जाते. याने ऑर्डर रद्द होत नाही. उत्तरात पेंडिंग आलं तर विनंती स्वीकारली आहे, पैसे अजून पोचलेले नाहीत. ग्राहकाला तसंच सांगा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की एजंट 'पैसे जमा झाले' असं बिनदिक्कत सांगून मोकळा होतो.

गवतीचहा:
दुहेरी रिफंड नुसत्या वर्णनाने थांबणार नाही, तिथे आयडेंपोटन्सी की हवीच (विनंतीसोबतचा खास कोड; तोच कोड पुन्हा आला तर सर्व्हर काम दुसऱ्यांदा करत नाही). ती मॉडेलकडून मागू नका, दुसऱ्या प्रयत्नात ते नवीन की बनवेल. रिफंडला मंजुरी मिळताच तुमच्या कोडने की तयार करून साठवावी आणि टाइमआउटनंतर तीच वापरावी.

एररचा मजकूरही दस्तऐवजच आहे. 'एरर ५००' एवढंच परत गेलं तर मॉडेल साहजिकच पुन्हा प्रयत्न करतं. त्याऐवजी 'रिफंडची स्थिती कळली नाही. पुन्हा पाठवू नका, गेट_ऑर्डरमधली रिफंडची यादी पाहा' असं द्या. मोबाइल नंबरच्या घोळालाही हेच औषध: 'ऑर्डर_आयडीचा नमुना जुळत नाही. १० आकडी मोबाइल नंबर असेल तर सर्च_ऑर्डर्स वापरा.'

रानवारा:
दोघांचेही आभार. वर्णनं मोठी झाली तर दर विनंतीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जातील ना? उदाहरणं घालावीत का? आणि वर्णन मराठीत लिहू की इंग्रजीत?

सुतारपक्षी:
३ टूल्सना प्रत्येकी ८०-१०० शब्द काहीच नाहीत. टूल्स ४० झाली तर आधी टूल्स कमी करा. 'अत्यंत उपयुक्त टूल' असली विशेषणं खुशाल काढा. एकक, मर्यादा आणि 'कधी वापरू नये' ही वाक्यं मात्र राहू द्या. उदाहरण एखादंच. खरा वाटणारा नमुना आयडी दिला आणि ग्राहकाने आयडी दिलाच नाही, तर मॉडेल तोच उचलून भरू शकतं. सोबत लिहा: 'आयडी माहीत नसेल तर अंदाजाने भरू नका, ग्राहकाला विचारा.'

देवनागरीला बहुतेक टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे वर्णन इंग्रजीत चालेल. पण ग्राहक 'पैसे परत द्या', 'पैसे अडकलेत' असं म्हणतात, ते शब्दप्रयोग वर्णनात जसेच्या तसे घाला.

गवतीचहा:
मराठी ग्राहक असतील तर देवनागरी आकड्यांकडेही बघा. पायथनच्या रेजेक्समधला (मजकुराचा नमुना तपासण्याची पद्धत) 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'कोणताही अंक', देवनागरी आकडे मान्य करतो, जावास्क्रिप्टमधला करत नाही. पायथनमध्ये देवनागरी आकड्यांचा आयडी तपासणीतून पार होतो आणि डेटाबेसमध्ये 'ऑर्डर सापडली नाही' येतं. तपासणीच्या आधीच आकडे इंग्रजी (0-9) करून घ्या.

बदल एका वेळी एकच करा. ग्राहकांच्या भाषेतली २० वाक्यं घ्या, प्रत्येक ५ वेळा चालवा आणि एजंटचं शेवटचं उत्तर बाजूला ठेवून कोणतं टूल कोणत्या पॅरामीटर व्हॅल्यूंसह बोलावलं ते लॉगमध्ये पाहा. त्यातल्या निदान ४ वाक्यांत एकही टूल बोलावणं बरोबर ठरू नये, अशी वाक्यं निवडा.