मदत हवी आहे: चिली २०१८ च्या वर्ल्ड कपला स्वतःच्याच तक्रारीमुळे मुकला, हे खरं आहे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाची फुटबॉल क्विझ आहे (कोल्हापूर, त्यामुळे फुटबॉलच असणार) आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ब्राझील-अर्जेंटिनाचा प्रश्न काढला की अर्धी पेठ एकीकडे, अर्धी दुसरीकडे, आणि भांडण उत्तरावरून सुरू होऊन कुठंही जातं. म्हणून मुद्दाम चिली निवडला. प्रश्न असा: ‘कोणत्या देशानं प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तक्रार केली, ती जिंकली आणि त्याच निकालामुळे वर्ल्ड कपला मुकला?’

आमचे दुसरे परीक्षक म्हणतात, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आहे. तक्रारीतून चिलीला गुण मिळाले, मग गुण मिळाल्यावर कुणी बाहेर कसं पडेल? ते वयानं मोठे आहेत, तोंडी वाद घालता येत नाही. आकडे मांडून दाखवले तर ऐकतील. कुणी गणित सोडवून देईल का? चिलीच्या पात्रता फेरीतलं आणखी काही प्रश्नाजोगं असेल तर तेही सांगा. रोहासचं ब्लेड प्रकरण ऐकून आहे, पण तपशील नीट हवेत.

प्रतिसाद १

काकांना हे दाखवा.

नेल्सन काब्रेरा हा जन्मानं पॅराग्वेचा बचावपटू. सप्टेंबर २०१६ मध्ये बोलिव्हियानं त्याला दोन सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरवलं. पेरूविरुद्ध बोलिव्हिया २-० जिंकला, आणि सँटियागोत चिलीशी ०-० बरोबरी झाली. दुसऱ्या देशाकडून खेळायला लागणारी तिथल्या पाच वर्षं वास्तव्याची अट काब्रेरानं पूर्ण केलेली नव्हती. चिलीच्या फेडरेशननं तक्रार केली, पण फिफाचा निर्णय दोन्ही सामन्यांना लागला. दोन्हीकडे बोलिव्हिया ०-३ नं पराभूत. बोलिव्हियाचं अपील क्रीडा लवादानंही फेटाळलं.

आता काकांच्या शंकेचं उत्तर. चिलीला बरोबरीचा एक गुण होताच, त्यामुळे फायदा दोन गुणांचा. पेरू हरला होता, त्याला शून्याचे तीन मिळाले.

दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीचा शेवटचा तक्ता: पेरू २६ गुण, गोलफरक +१. चिली २६ गुण, गोलफरक -१. पेरू पाचवा, चिली सहावा. पहिले चार थेट रशियाला आणि पाचवा न्यूझीलंडशी प्ले-ऑफ खेळणार, अशी तेव्हाची पद्धत.

फिफाचा निर्णय बाजूला काढा. चिली २४, पेरू २३. पॅराग्वेचेही २४, पण त्यांचा गोलफरक -६ आणि चिलीचा -४. म्हणजे चिली पाचवा आणि पेरू सातवा. पेरूनं पुढे न्यूझीलंडला हरवून १९८२ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कप गाठला. प्रशिक्षक रिकार्डो गारेका. १९८५ मध्ये अर्जेंटिनाकडून शेवटच्या मिनिटांत गोल करून पेरूला अडवणारा तोच गारेका. (हा प्रश्नही घ्या, फुकट देतोय.)

धागाकर्ता

आभारी आहे! काकांना फोटो काढून पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘गणित बरोबर, पण शेवटच्या दिवशी चिलीला कुणी हरायला सांगितलं होतं?’ आता यावर काय बोलू?

प्रतिसाद २

काका मुद्द्याचं बोलतायत. १० ऑक्टोबर २०१७ ची रात्र बघा.

चिली साओ पावलोत ब्राझीलसमोर. दुसऱ्या हाफमध्ये पाऊलिन्यो आणि गाब्रिएल जेझुसनं दोन-तीन मिनिटांत दोन गोल मारले. तिकडे लिमात कोलंबिया पेरूविरुद्ध १-० नं पुढे. तेवढ्यावर राहिलं असतं तर चिली हरूनही पाचवा आला असता.

मग पेरूला इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. पाओलो गेरेरोनं सरळ गोलवर मारली. इनडायरेक्ट असल्यामुळे चेंडू कुणालाही न लागता जाळ्यात गेला असता तर गोल धरला गेला नसता. कोलंबियाचा गोलकीपर ओस्पिनानं झेप घेऊन त्याला हात लावला आणि १-१ झालं. त्या निकालानं दोन्ही संघांचं भागत होतं. शेवटची मिनिटं रेंगाळत गेली, कोलंबियाचा फाल्काओ पेरूच्या खेळाडूंशी बोलताना कॅमेऱ्यात दिसला आणि चिलीत अजूनही त्यावरून शिव्या चालतात.

तरीही चिलीला फक्त एक गोल हवा होता. १-२ नं हरले असते तर चिली आणि पेरू दोघांचे २६ गुण, गोलफरक +१, मारलेले गोल २७. पुढचा निकष आपसातले सामने, आणि पेरूला चिलीनं दोन्ही वेळा हरवलेलं: लिमात ४-३, सँटियागोत २-१. म्हणून तर इंज्युरी टाइममध्ये गोलकीपर ब्राव्हो आपला गोल सोडून कॉर्नरसाठी पुढे गेला. चेंडू निसटला आणि जेझुसनं मोकळ्या गोलमध्ये तिसरा मारला.

तेव्हा ‘त्याच निकालामुळे मुकला’ असं लिहू नका. ‘ती तक्रार केली नसती तर गुणतक्त्यात कितवा आला असता?’ असं विचारा. त्याला उत्तर एकच.

प्रतिसाद ३

चिलीचे आणखी दोन घ्या.

रोहास: ३ सप्टेंबर १९८९, ब्राझीलचं माराकाना स्टेडियम, १९९० च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती आणि करेकाच्या गोलनं ते १-० पुढे होते. प्रेक्षकांतून पेटता फ्लेअर आला आणि गोलकीपर रॉबेर्तो रोहास रक्तबंबाळ होऊन पडला. चिलीचा संघ मैदान सोडून गेला. पण फोटोंत दिसलं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता. ग्लव्हमध्ये लपवलेल्या ब्लेडनं त्यानं स्वतःच कपाळ कापलं होतं. सामना ब्राझीलला, रोहासवर आजन्म बंदी (२००१ मध्ये उठवली), आणि १९९४ च्या पात्रता फेरीतून चिली बाद.

दुसरा १९७३ चा. हा विचारताना हसू नका. सप्टेंबरात पिनोचेचं लष्करी बंड झालं आणि सँटियागोचं नॅशनल स्टेडियम कैद्यांनी भरलं. तिथं लोकांचा छळ झाला, माणसं मारली गेली. सोव्हिएत संघाबरोबर प्ले-ऑफचा पहिला सामना मॉस्कोत ०-० झाला होता. दुसरा त्याच स्टेडियमवर ठेवलेला. फिफाच्या मंडळींनी पाहणी करून मैदान ठीक असल्याचं सांगितलं, सोव्हिएत संघ आला नाही. २१ नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू एकटेच उतरले, पास देत पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देसनं मोकळ्या गोलमध्ये चेंडू ढकलला. चिली १९७४ च्या वर्ल्ड कपला गेला.

२०२२ च्या वर्ल्ड कपसाठी इक्वेडोरचा खेळाडू बायरन कास्तियो याच्या पात्रतेवरूनही चिलीनंच तक्रार केली होती. इक्वेडोरचे तीन गुण पुढच्या फेरीतून कापले गेले, चिलीच्या हाती काहीच नाही. २०२६ च्या पात्रता फेरीत ते तीन गुण गमावूनही इक्वेडोर २९ गुणांनी दुसरा आला. चिली ११ गुणांवर, दहापैकी दहावा.

धागाकर्ता

प्रश्न बदलला, काकांनी मंजूर केला. १९७३ चा क्विझमध्ये घेत नाही, गोंगाटात विचारण्याजोगा वाटत नाही. ओस्पिनाचा मात्र टायब्रेकरला ठेवलाय: ‘चेंडू सोडून दिला असता तर काय झालं असतं?’