अनुभव धागा : सिडनीतील पहिले चार-पाच दिवस

सिडनीला पहिल्यांदाच, आणि तेही जेमतेम चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्या परिचितांकडून गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न वारंवार आला : एवढ्या थोड्या दिवसांत नेमके काय बसवावे? प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणालाही सापडते. परंतु कोठे वेळ कमी पडला, कोठे अर्धा दिवस हकनाक गेला आणि पुन्हा गेल्यास काय वगळाल, हे जाऊन आलेली माणसेच सांगू शकतात. म्हणून आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे की आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. सुरुवात मी करतो.

आम्ही पती-पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी पुण्याहून ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो. आमच्या पहिल्या आराखड्यात सहा दिवसांत सिडनी, मेलबर्न आणि गोल्ड कोस्ट अशी तीन शहरे होती. सिडनी ते मेलबर्न विमानप्रवास दीड तासाचा असला, तरी विमानतळावर जाणे-येणे, सामान आणि दुपारीच हाती येणारी हॉटेलची खोली हे सारे धरले, तर प्रत्येक बदलीत एक दिवस जातो, हे वहीत तासांचा हिशेब मांडल्यावर आमच्या लक्षात आले. मग बाकीची दोन्ही शहरे खोडली आणि पाचही रात्री सिडनीत काढल्या. एवढ्या एका निर्णयाने सहल सुखाची झाली, असे मी आजही मानतो.

शहराचा नकाशा समजून घ्यायचा तर सर्क्युलर की या धक्क्यापासून सुरुवात करावी. तेथे ट्रेन, बस, ट्राम आणि फेरी चारही एकत्र येतात. एका हाताला ऑपेरा हाउस, दुसऱ्या हाताला हार्बर ब्रिज. राहायला मात्र आम्ही खाडीकाठचे महागडे हॉटेल न घेता सेंट्रल स्थानकाजवळ खोली घेतली, कारण तेथून धक्का ट्रेनने काही मिनिटांवर आहे. वेगळ्या जलसफरीचे तिकीटही काढले नाही. मॅनलीला जाणारी नेहमीची फेरी अर्ध्या तासात तेच बंदर दाखवते आणि तिला साध्या सार्वजनिक वाहतुकीचे भाडे पडते. बंदराच्या मुखासमोरून ही फेरी जाते तेव्हा उजवीकडे खुला समुद्र दिसू लागतो, बोटीला डोल येतो आणि पुढच्या भागात उभ्या असलेल्यांच्या तोंडावर खारट तुषार येतात. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलेल्यांना हा डोल ओळखीचा वाटेल. एका संध्याकाळी आम्ही पुलावरून चालत किरिबिली भागात गेलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या नीलमोहरांनी पदपथ जांभळा करून टाकला होता. आमच्या मुलीच्या आठवणीत ऑपेरा हाउसच्या आधी तो रस्ता येतो.

कल्याण, सहा आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांसह

आम्ही प्रवासाच्या कार्डांविषयी लिहितो, कारण आमच्या चुका तेथेच झाल्या आणि त्या सहज टाळता आल्या असत्या. सिडनीत बँकेचे कार्ड किंवा मोबाइल यंत्राला टेकवून प्रवास करता येतो, म्हणून आम्ही ओपल कार्ड, म्हणजे तेथील सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड, घेतलेच नाही. मात्र बँकेच्या कार्डावर नेहमी प्रौढांचे भाडे पडते. 4 ते 15 वर्षांच्या मुलांना सवलतीचे भाडे हवे असेल, तर त्यांच्यासाठी मुलांचे ओपल कार्ड घ्यावे लागते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले. एका कार्डावर एकाच प्रवाशाला जाता येते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी चूक माझी स्वतःची. सकाळी चढताना मी खिशातले कार्ड टेकवले आणि उतरताना त्याच खात्याचा मोबाइल. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डे असतात, त्यामुळे दोन अपुरे प्रवास नोंदले गेले आणि दोन्हींचे पैसे कापले गेले. चढताना जे टेकवाल तेच उतरताना टेकवावे. दिवसभराच्या भाड्याला वरची मर्यादा असते आणि शनिवार-रविवारी ती आणखी कमी असते, म्हणून लांबचे फिरणे आठवड्याच्या शेवटी ठेवणे फायद्याचे. विमानतळाच्या स्थानकांवर मात्र भाड्याखेरीज वेगळे प्रवेशशुल्क पडते. चौघे असाल आणि सामान जास्त असेल, तर टॅक्सीच्या खर्चाशी त्याची तुलना अवश्य करावी.

नाशिक; आई-वडिलांसह, वय 68 आणि 73

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी दिवसाला एकच भाग ठरवावा, असे मी कळकळीने सांगेन. पहिल्या दिवशी मी रॉयल बोटॅनिक गार्डन, कला संग्रहालय आणि डार्लिंग हार्बर अशी तिन्ही ठिकाणे योजली होती. बागेतच दुपार झाली आणि आईचे पाय सुजले. ही बाग 1816 सालची आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि ती खाडीच्या कडेने उतरत जाते. बागेला लागून असलेल्या टोकावर मिसेस मॅक्वारीज चेअर नावाचे वालुकाश्मात कोरलेले आसन आहे. त्या टोकावरून ऑपेरा हाउस आणि त्याच्या मागे पूल, अशी दोन्ही एका नजरेत येतात. वडील त्या परिसरात तासभर शांत बसून होते. मी मात्र पुढच्या ठिकाणाची घाई करत राहिलो, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

खाद्यपदार्थांविषयी एक गोष्ट. विमानात मिळणाऱ्या आगमनपत्रकावर अन्नपदार्थांचा प्रश्न असतो आणि त्याला खरेच उत्तर द्यावे. आम्ही घरचे पेढे, कढीपत्ता, भाजणी आणि मेतकूट असे सर्व लिहिले. अधिकाऱ्याने पिशवी उघडायला सांगितली, पेढे आणि कढीपत्ता काढून घेतला, बाकीचे परत दिले आणि दंड झाला नाही. न सांगता नेलेला पदार्थ सापडला, तर मोठा दंड होतो. दुधाचे पदार्थ, ताजी फळे, पाने आणि बिया घरीच ठेवलेल्या बऱ्या.

आईला तीन दिवसांनंतर पोळी-भाजीची आठवण येऊ लागली, तेव्हा पॅरामाटाशेजारच्या हॅरिस पार्क या उपनगरात गेलो. विग्रम स्ट्रीटवर भारतीय खानावळी ओळीने आहेत. सेंट्रलहून ट्रेनने जाऊन, जेवून परत येण्यात संध्याकाळ जाते. त्यामुळे छोट्या सहलीत एकदाच जावे.

सिडनीत 14 वर्षे वास्तव्य

दर डिसेंबरमध्ये माझ्याकडे पाहुणे असतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती समुद्राची. बॉन्डायचा किनारा फोटोत सौम्य दिसतो. प्रत्यक्षात तेथे पाण्याला आत ओढणारे प्रवाह असतात, ज्यांना येथे रिप म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा उतरायला सुरक्षित वाटते, आणि नेमका तेथेच रिप असतो. जीवरक्षक रोज पाणी पाहून लाल-पिवळे झेंडे रोवतात. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरावे, आणि झेंडे नसतील तर पाण्यात जाऊच नये. ओढले गेलात, तर प्रवाहाशी झुंजून दम घालवू नये. अंग तरंगत ठेवावे, हात वर करून मदत मागावी. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याला पट्टीचे पोहणारेही का बुडाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी वेगळे काय सांगू?

पाण्यात न उतरताही बॉन्डायचा दिवस भरगच्च होतो. बॉन्डाय ते कूजी हा सुमारे 6 किलोमीटरचा कड्यांवरचा पायरस्ता टॅमारामा, ब्रॉन्टी आणि क्लोव्हेली या किनाऱ्यांवरून जातो. वाटेत वेव्हर्ली दफनभूमी लागते, जिथे संगमरवरी देवदूतांच्या मागे थेट क्षितिजापर्यंत महासागर दिसतो. पायऱ्या पुष्कळ आहेत. थकवा आला तर ब्रॉन्टीहून बसने परतता येते. ऊन फसवे असते. हवा गार असली तरी अर्ध्या तासात त्वचा भाजते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन हवेच, सावळ्या कातडीलाही.

ऋतू उलटे आहेत, हे सर्वांना पाठ असते, पण बॅग भरताना विसरले जाते. मे महिन्याच्या सुटीत येणारे पाहुणे सुती कपडे घेऊन येतात आणि संध्याकाळी माझे स्वेटर मागतात. दुकाने बहुतेक दिवशी संध्याकाळी लवकर बंद होतात. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून खरेदी त्या दिवशी ठेवावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

कोल्हापूर, दोघे मित्र

आमचा अनुभव ब्लू माउंटन्सचा आहे आणि तो संमिश्र आहे. सेंट्रलहून त्या डोंगरांतल्या कटुंबा गावापर्यंत ट्रेनला सुमारे दोन तास लागतात. आम्ही मात्र एका सहल कंपनीची दिवसभराची बस घेतली, आणि तिने पाच ठिकाणी उतरवून थ्री सिस्टर्सच्या सुळक्यांसमोर फक्त वीस मिनिटे दिली. ती वीस मिनिटे दरीत धुके भरलेले होते, त्यामुळे आम्हाला पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसले नाही. बस सुटताना धुके वर उचलले जाऊ लागले, तेव्हा किती हळहळ वाटली, ते सांगता येत नाही. स्वतः ट्रेनने गेलो असतो, तर सुळके जेथून दिसतात त्या एको पॉइंटवर तासभर थांबता आले असते. हवामान पाहून आदल्या रात्री दिवस ठरवावा, आणि शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे ट्रेनऐवजी बस धावत नाही ना, हेही पाहून घ्यावे. हातात तीनच दिवस असतील, तर मी डोंगर वगळून बंदराजवळच राहीन.

दादर, एकटा, निवृत्तीनंतरचा पहिला परदेश प्रवास

ऑपेरा हाउस लांबून पाहून परत येणाऱ्यांना मी विनंती करतो की पायऱ्या चढून छपराजवळ जा. दुरून एकसंध पांढरी दिसणारी ती शिडे जवळून पाहिली की दोन रंगांच्या फरशा दिसतात, एक चकचकीत पांढरी आणि एक मंद साईच्या रंगाची. उन्हात एक चमकते आणि दुसरी ते तेज सौम्य करते. अशा दहा लाखांहून अधिक फरशा तेथे आहेत. डॅनिश वास्तुकार यॉर्न उत्झन यांनी ही इमारत रचली, पण मतभेदांमुळे 1966 मध्ये ते काम सोडून मायदेशी गेले, आणि 1973 मध्ये उद्घाटन झालेली पूर्ण वास्तू पाहायला ते पुन्हा कधीही आले नाहीत. हे वाचून गेलो होतो, म्हणून त्या फरशीवर हात ठेवताना मन भरून आले.

माझा दुसरा मोठा हट्ट क्रिकेट मैदानाचा होता. जानेवारी 2004 मध्ये सचिन तेंडुलकरने येथे नाबाद 241 धावा केल्या, तेव्हा आमच्या चाळीत पहाटे पाच वाजता दूरदर्शन संच सुरू होत असे. त्या खेळीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य केला होता, आणि तो संयम आम्ही आजही एकमेकांना सांगतो. सर्क्युलर कीहून ट्रामने मूर पार्कला उतरलो. मैदान आतून पाहण्याच्या फेऱ्या ठरावीक दिवशीच असतात. दिवस आधी पाहून ठेवला होता, म्हणून प्रवेश मिळाला. हिरव्या छपराच्या जुन्या मेंबर्स पॅव्हेलियनसमोर उभा राहिलो तेव्हा गवतावर पाणी मारणे चालू होते, दुसरे कोणी नव्हते. सोबतच्या मार्गदर्शक बाईंनी विचारले की भारतातून इतक्या लांब कशासाठी आलात, तेव्हा मी खेळपट्टीकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली आणि आमच्या गटाला तेथे आणखी थोडा वेळ थांबू दिले.