ना पुढे, ना मागे : स्वतःच्या मताने चालणारी माणसे

ज्यांनी कधी पुढारपण केले नाही आणि जी कुणाच्या मागेही गेली नाहीत, अशी माणसे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहेत. मात्र सभांच्या वृत्तान्तांत किंवा संस्थांच्या स्मरणिकांत त्यांची नोंद सापडत नाही. अशा एखाद्या व्यक्तीविषयी स्वतः पाहिलेले तेवढेच येथे लिहावे, ही विनंती. प्रत्येक गोष्टीला आडवे जाणारा माणूस मला अभिप्रेत नाही.

परळ, मुंबई

माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची बाजू आणि संपाच्या विरोधातल्या मान्यताप्राप्त युनियनची बाजू अशा दोनच बाजू उरल्या. वडिलांनी दोहोंपैकी कुणाचीही सभासदत्वाची पावती फाडली नव्हती. ते सभेला गेले नाहीत आणि कामावरही गेले नाहीत. कारण विचारले, की ते बदली कामगारांविषयी बोलत : वर्षानुवर्षे रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, बदली मिळाली तर आत जायचे, नाही तर घरी परतायचे, या माणसांचे काही होत नाही तोवर साच्यावर उभे राहणे आपल्याला जमणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आईची खानावळ होती. जेवणारे गडी गावी निघून गेल्यावर चौदा ताटांपैकी तीन उरली, तेव्हा तिचा आणि त्यांचा मोठा वाद झाला, तो मी ऐकला आहे.

काही महिन्यांनी शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ कामावर परतले. चाळीने त्यांच्याशी बोलणे टाकले. वडील मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. त्यांच्या चुलीचा हिशेब त्यांना ठाऊक, एवढेच ते म्हणत.

डोंबिवली

वरील अनुभव वाचून लिहीत आहे. माझे काका त्याच संपात कामावर परतलेल्यांपैकी होते. मुलीच्या आजारपणामुळे त्यांनी तो निर्णय एकट्याने घेतला आणि पुढे तीस वर्षे त्याविषयी ते घरातही बोलले नाहीत. त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसणारे कुणी नव्हते.

सासवड

माझी आत्या बावीस वर्षे आळंदीहून पंढरपूरला पायी गेली, परंतु एकाही दिंडीत तिने नाव घातले नाही की भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरली नाही. अशा वारकऱ्यांना मोकळा समाज म्हणतात. पाठीवर ताडपत्रीची घडी, हातात पिशवी आणि तोंडाने हरिपाठ, एवढाच तिचा पसारा असे. गावातल्या चार-पाच बायका तिच्याबरोबर येऊ लागल्या आणि कुठे थांबायचे, कधी निघायचे हे तिलाच विचारू लागल्या, तेव्हा तिने मुक्कामांची नावे त्यांना तोंडपाठ करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच पुढे निघाली. तिला त्यांचा राग आलेला नव्हता. पंढरपुरात भेटल्यावर तिने सगळ्यांना पोटाशी धरले.

याची किंमत तिने मोजली. एका वर्षी वाल्ह्याला तिला ताप भरला. दिंडीतल्या माणसाला दिंडीचा ट्रक असतो, तिला तो नव्हता. दोन दिवस ती एका शेडखाली पडून होती. त्या वर्षी ती एकादशी उलटून गेल्यावर पोहोचली. पुढच्या वर्षीही ती मोकळ्या समाजातच चालली.

पुणे

आजोबांच्या ट्रंकेत आम्हाला 'समाजस्वास्थ्य'चे अंक मिळाले. र. धों. कर्व्यांनी हे मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले; संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले, तरी त्यांनी आपले म्हणणे सौम्य केले नाही. आजोबा या मासिकाचे वर्गणीदार होते, पण भक्त नव्हते. समासात बारीक पेन्सिलीने त्यांनी ठिकठिकाणी 'पटले' किंवा 'पटत नाही' असे लिहिले आहे. एका लेखाशेजारी 'पटत नाही' हे शब्द खोडलेले आहेत आणि त्याखाली शाईने लिहिले आहे : 'दोन वर्षांनी पुन्हा वाचले. अर्धे पटले.'