बडोद्याहून काय न्यावं: भाकरवडीच्या पलीकडे

बडोद्याहून खाऊ काय न्यायचा असं विचारलं, की बहुतेक जण जगदीश या फरसाणाच्या दुकानातली भाकरवडी सांगतात. चांगलीच असते, पण पुण्याच्या माणसाला भाकरवडी काय नेऊन द्यायची! त्यापेक्षा त्याच दुकानातला लीलो चेवडो घ्या. आपल्या पोह्यांच्या चिवड्यासारखा हा कुरकुरीत नसतो. बटाट्याचा तळलेला कीस, हरभरा डाळ, हिरवी मिरची, तीळ; हाताला थोडा ओलसर लागतो आणि आंबटगोड चव मागून येते. आमच्याकडे पाहुणे पहिल्या घासाला "सादळलाय का हो?" असं हमखास विचारतात आणि मग वाटी पुढे करतात. ओलसर असल्याने फार टिकत नाही, तेव्हा पाकिटावरची तारीख बघूनच घ्या.

गोडात रावपुऱ्यातले दुलीरामचे पेढे. खवा चांगला भाजलेला, म्हणून रंग तांबूस.

कीर्तिस्तंभाजवळच्या 'महाकाली' या दुकानातली सेव-उसळ मात्र बांधून नेण्याची चीज नाही. वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव आणि तरी हवी तेवढी. मिसळीची सख्खी चुलत बहीणच ती, पण हे कोल्हापूरकरांसमोर बोलू नका.