तोच पूर, दोघी बहिणी: हळवेपणा जन्मतःच मिळतो का?

मुठाकाठ:
१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझी आजी अकरा वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण माई नऊ. नारायण पेठेतला वाडा सोडून दोघी आईचं बोट धरून पर्वतीकडे पळाल्या. माईआजीला विचारलं तर ती म्हणते, "हो रे, पाणी आलं, वाडा गेला, मग आम्ही मामाकडे राहिलो." संपलं. आजीला मात्र चुलीवर तसंच राहिलेलं पिठलं आठवतं, शेजारच्या काकूंनी छातीशी धरलेला तांब्याचा हंडा आठवतो. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी लागली की ती उठून गॅलरीत जाते. तिथून नदी दिसतही नाही. घरात सगळे म्हणत आले, "फार मनाला लावून घेते." मीही म्हटलंय.

परवा वाचनात आलं की मेंदूत नॉरअॅड्रेनलिन, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं रसायन, जिथे चिकटतं, त्या ग्राहींपैकी एक ग्राही एडीआरए२बी या जनुकावरून बनतो, आणि काहींच्या जनुकात त्यातला छोटासा तुकडा गळलेला असतो. २००७ च्या एका अभ्यासात अशा स्विस लोकांना भावना हलवणारी चित्रं इतरांपेक्षा जास्त लक्षात राहिली, साध्या चित्रांत मात्र फरक नव्हता. रवांडाच्या नरसंहारातून वाचलेल्यांमध्येही, ज्यांच्यात हा तुकडा नव्हता त्यांना ते प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येण्याचा त्रास अधिक होता.

आजीची तपासणी करायची नाहीये. पण हा फरक जन्मतःच असू शकतो हे कळल्यापासून "सोडून दे ना आता" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. माझं मत सरळ आहे: ही माहिती घराघरांत पोचायला हवी. आपण ज्याला स्वभावदोष म्हणतो, तो पुष्कळदा दोष नसतोच.

पेशीकेंद्र:
तुमची कळकळ पोचली, तरी विरोध नोंदवतो. याच वाटेनं आपण एकदा जाऊन परत आलोय. सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाजवळ एक भाग असतो, कुणात आखूड, कुणात लांब. २००२ मध्ये हरीरी आणि सहकाऱ्यांनी २८ जणांना घाबरलेले चेहरे दाखवले. आखूड प्रकारवाल्यांचा अमिग्डाला, म्हणजे भीतीची चाहूल घेणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, जास्त चेतला. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या ८४७ तरुणांवरून कास्पी आणि मंडळींनी सांगितलं की आयुष्यात तडाखे बसले तर आखूडवाल्यांना नैराश्य लवकर येतं. सगळीकडे 'नैराश्याचं जनुक' झालं. मग २००९ मध्ये १४ अभ्यासांतली १४,२५० माणसं एकत्र मोजली, तर तो संबंध दिसेना. २०१९ मध्ये नैराश्यासाठी गाजलेली १८ जनुकं प्रचंड मोठ्या नमुन्यावर तपासली, आणि ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

म्हणून एका जनुकावर आजी उभी करू नका. आणि तुम्ही 'तोच पूर' म्हणता, ते तरी खरं का? अकरा वर्षांच्या मुलीला जे कळतं ते नऊ वर्षांच्या मुलीला कळत नाही. थोरलीवर धाकटीची जबाबदारी असते. माईचा हात कुणी धरला होता, हे विचारलंत का कधी?

धायरीची_आई:
पेशीकेंद्र यांना माझा पाठिंबा, कारण मी यात पोळले आहे. मुलगा सहा वर्षांचा. गालाच्या आतून नमुना घेऊन एका कंपनीनं रिपोर्ट दिला, त्यात 'भावनिक संवेदनशीलता: जास्त' असं लाल पट्टीत छापलेलं. त्या दिवसापासून घरात त्याला कुणी रागावेना, कुणी कुठे नेईना. जुलैत नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तो कान दाबून रडायचा. सासूबाई म्हणाल्या, रिपोर्टमध्येच लिहिलंय, त्याला तिकडे फिरकू देऊ नका. शेवटी त्याच्या मामानं कानात कापूस घालून लांब कठड्यावर बसवलं. रोज चार पावलं पुढे. पंधराव्या दिवशी त्यानं एका ताईकडून टिपरू मागून घेतलं आणि ढोलावर एकदाच, हळूच टेकवलं.
तो हळवा आहे, ते मला पाळण्यातच दिसलं होतं. पण त्या लाल पट्टीनं आमचं एक वर्ष खाल्लं.

सदाशिवपेठी:
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. एक जनुक पडलं म्हणून आनुवंशिकता पडली असं होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांचा २००० सालचा एकत्रित आढावा आहे. माणसामाणसांतल्या नैराश्याच्या फरकापैकी सुमारे ३७ टक्के वाटा त्यात आनुवंशिक निघाला. २०१९ मध्येच आठ लाखांवर लोकांच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेली १०२ ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा वाटा कणभर, पण आहे. मात्र ३७ टक्के हा आकडा समूहातल्या फरकाचा आहे. 'माझं दुःख ३७ टक्के आईकडून आलं' असं त्यावरून म्हणता येत नाही. धायरीच्या ताई, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. असा रिपोर्ट मुलांसाठी विकायलाच बंदी हवी, या मताचा मी आहे. पण त्यासाठी आनुवंशिकताच नाकारू नका.

मुठाकाठ:
पेशीकेंद्र, आज दुपारी आजीला विचारलं. आईचं बोट कुणीच धरलं नव्हतं, आईच्या कडेवर तान्हा भाऊ होता. माईचा हात आजीनं धरला होता, पर्वतीच्या पायथ्यापर्यंत. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. म्हणजे पूर दोघींना एकच नव्हता, हे मान्य. एडीआरए२बीचं नाव मी आजीच्या बाबतीत पुन्हा घेणार नाही.
पण एक राहतंच. आजी म्हणाली, वाटेत माईची एक चप्पल चिखलात रुतली आणि माई त्या चप्पलेसाठी किंचाळत होती, हात सोडवून मागे पळायला बघत होती. मी लगेच माईआजीला फोन लावला. तिला चप्पल आठवत नाही.